गाडीतली शिट्टी

गाडी सुरू केली, रेडिओ लावला आणि त्यातून ती बारीक, चिरकी शिट्टी आली, की मला अजूनही बरं वाटतं. एरवी या शिट्टीला सगळे रेडिओवाले वैतागलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते, आणि समोरच्याचं अर्धं बोलणं तिच्यात बुडून जातं. मीसुद्धा एकेकाळी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. आता लागत नाही. त्याचं कारण सांगायचं तर मामांपासून सुरुवात करायला हवी.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मलकापूरच्या पुढे, गावापासून जरा बाजूला, शेतात त्यांचं घर आहे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. नोकरी सरकारी वायरलेसवर झाली आणि तिथंच त्यांना हौशी रेडिओचं वेड लागलं. म्हणजे परवाना काढायचा, घरी स्वतःचं यंत्र मांडायचं आणि तसाच परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाशी हवेतून बोलायचं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. प्रत्येकाला अक्षरं आणि आकडे मिळून एक खूण दिलेली असते, तिला कॉल साइन म्हणतात. हवेत तेच आपलं नाव. मी कॉलेजात असताना मामांनी मलाही त्या परीक्षेला बसवलं. इतर मुलींना त्यांचे मामा बांगड्या आणत, माझे मामा तारांची वेटोळी आणत.

दोन पावसाळ्यांपूर्वी मामा गोठ्याजवळ घसरून पडले. दूध न्यायला माणूस आला तेव्हा त्याला ते दिसले, तोवर भिजत तसेच पडून होते. पाय मोडला नाही एवढंच नशीब. कळल्याबरोबर मी गेले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच ते मला म्हणाले, "आलीस? चहा टाक." माझा राग नाकावर असतोच, त्या दिवशी तो डोक्यात गेला.

"मामा, बास झालं आता. चला माझ्याकडं कोल्हापूरला."

"मी न्हाय येत. तितं येऊन काय करू? रंकाळ्यावर भेळ खात बसू?"

खूप भांडलो. ते घर त्यांनी आणि मामीनं मिळून बांधलेलं. त्यातून त्यांना काढायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण ते एकटे कुठं तरी पडून राहिलेत आणि कुणाला पत्ता नाही, हे चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं. शेवटी तडजोड झाली. रोज सकाळी साडेसहाला मामांनी रेडिओवर यायचं आणि मला हाक मारायची. एक दिवस जरी हाक आली नाही, तर मी गाडी घेऊन येणार, त्यांना सामानासकट उचलणार आणि घराला कुलूप लावणार. मग तक्रार चालणार नाही.

मामा अंथरुणात उठून बसले.

"आणि तू चुकलीस तर?"

"मी कशाला चुकतोय?" आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना असंच 'येतो, जातो' करतो.

"न्हाय, पण चुकलीस तर?"

"तर मी येतो तुमच्याकडं ऱ्हायला. आठ दिवस."

"शब्द हाय बघ," मामा म्हणाले, आणि मी तो शब्द तिथंच विसरून गेले.

मग रोज सकाळी साडेसहाला मामांची हाक येऊ लागली. आधी पाऊसपाणी, मग बीपी, मग काल रात्री काय खाल्लं. रेडिओवाले निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री' असा आकडा म्हणतात, त्याचा अर्थ 'शुभेच्छा'. मामा तो मराठीत म्हणतात. "बरं, त्र्याहत्तर!" असं ठणकावून सांगितलं की त्यांचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा. माझ्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या साडेसातला असतात, त्याआधी मामांचा आवाज ऐकल्याशिवाय मला बीजगणित सुचत नाही.

गेल्या वर्षी आम्ही पेठेतलं भाड्याचं घर सोडून कळंब्याकडे फ्लॅटमध्ये आलो आणि इथं सगळं अडलं. जुन्या घरी गच्चीवर माझी तार आडवी बांधलेली होती. इथं सोसायटीच्या कमिटीनं नाही म्हणून सांगितलं. गच्चीवर काठी उभी केली तर इमारतीवर वीज पडेल, असं एकांचं म्हणणं. दुसऱ्यांना तिच्या किरणांनी केस गळतील अशी भीती होती. त्यांच्या डोक्यावर मुळात एकही केस नव्हता. मी ते बोलून दाखवलं आणि विषय कायमचा मिटला.

"मग गाडीत बसव की," मामा फोनवर म्हणाले. त्यांच्या जुन्या जीपमध्ये कितीतरी वर्षं एक सेट आहेच. "गाडीला कमिटी नसती."

गाडी नवी होती. सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. मामांनी रोज सकाळी साडेसहाला फोनवरच थोडं थोडं सांगायचं आणि मी रविवारी ते करायचं, असं सुरू झालं. बॉनेटमधल्या बॅटरीपासून दोन जाड वायरी फ्यूज लावून आत घेतल्या. सेट सीटखाली बसला. त्याचा पुढचा भाग डॅशबोर्डवर गणपतीशेजारी आला आणि माइक गिअरच्या बाजूला लटकला. अँटेनाला छपरात भोक पाडायचं नाही, अशी नवऱ्यानं तंबी दिली होती. म्हणून डिकीच्या कडेला एक लोखंडी पट्टी स्क्रूनं आवळली आणि तिच्यावर अँटेना उभी केली. दीड पुरुष उंच, खाली जाडसर, वर निमुळती. तिच्या तळाशी पितळी टोक, त्याखाली पांढरं प्लॅस्टिकचं कडं आणि त्याखाली ती लोखंडी पट्टी. वरचं पितळ आणि खालचं लोखंड यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्या कड्याचं काम. गाठ पडली तर अँटेना नसल्यात जमा.

"पट्टीखालचा रंग खरवड," मामांनी सांगितलं. "गाडीच्या पत्र्याला उघडं लोखंड भिडाया पायजे. रंगावर पट्टी ठेवशील तर काय उपेग न्हाय."

नवरा बाहेर जाईपर्यंत मी वाट पाहिली आणि कानशीनं नव्या गाडीचा रंग खरवडला. त्याला ते अजून माहीत नाही. आता कळेल.

रोज सकाळी गाडी कळंबा तलावाच्या कडेला लावायची आणि इंजिन बंद करून बोलायचं, असं ठरून गेलं. फिरायला आलेले लोक वळून वळून अँटेनेकडे बघत. "पावणं, कसली गाडी म्हणायची ही? पोलिसाची व्हय?" असं एकदोघांनी नवऱ्यालाही विचारलं. मामांचा आवाज छान यायचा. फक्त इंजिन चालू केलं की शिट्टी. त्या शिट्टीसाठी मी काय काय केलं! वायरींवर काळ्या लोहचुंबकी कड्या चढवल्या, बॉनेटला तांब्याची पट्टी जोडली, डिकीच्या दाराला जोडली. शिट्टी हटत नव्हती. मामा म्हणायचे, "जाईल गं हळूहळू. न्हाय गेली तर सवय करून घे." सवय करून घेणं हे माझ्या स्वभावात नाही.

आणि मग सासूबाई. त्यांचं वय झालंय, आमच्याबरोबरच राहतात, आणि माझ्यावर त्यांचा जीव आहे. पार्किंगमध्ये येणारे-जाणारे सगळे त्या काठीकडे बघत उभे राहतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

"एवढी लांब काठी लावून फिरतीस," त्या म्हणाल्या. "लोकांची नजर लागायची न्हाय व्हय?"

आषाढातली अमावास्या आली तशी त्यांनी चौकातून लिंबू-मिरची आणवली. सगळे ती गाडीच्या पुढं बंपरला बांधतात. पण नजर जाते ती काठीकडे. तेव्हा काठीलाच बांधावी, असा त्यांचा सरळ हिशोब. संध्याकाळी माझी शिकवणी चालू असताना त्या खाली गेल्या आणि अँटेनेच्या बुंध्याला लिंबू, बिब्बा आणि मिरच्या बांधून आल्या. वरून लाल दोरा चांगला गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला दिसलं. हसू आलं. लाल दोराच आहे, दोऱ्यानं काय होतंय, असं म्हणून मी ते तसंच राहू दिलं. म्हाताऱ्या माणसाशी सकाळी सकाळी कशाला वाद घालायचा?

त्या सकाळी पाऊस झोडपत होता. मामांकडे तर चार दिवस लाइट नव्हती, मोबाइलचा टॉवरही बंद होता. आदल्या सकाळीच ते म्हणाले होते, "फोन लागंना झालाय. मी बॅटरीवर हाय. रेडिओ हाय तवर काय काळजी न्हाय." तलावाच्या कडेला गाडी लावली. काचांवर वाफ धरत होती म्हणून इंजिन चालूच ठेवलं आणि रेडिओ लावला. आता शिट्टी सुरू होणार म्हणून तोंड वाकडं केलं, तर शिट्टी नाही! ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. शांत. वायपर लावला. त्याची खरखरही नाही. रविवारी मी आणखी एक कडी चढवली होती, ती लागू पडली! एवढा आनंद झाला मला. कधी साडेसहा होतात आणि कधी मामांना सांगते, असं झालं.

साडेसहा झाले. मामा नाहीत.

दोनपाच मिनिटं इकडेतिकडे होतातच. मी माझी कॉल साइन सांगून हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. माइकचं बटण दाबल्यावर सेटवरचा, अँटेनेचं दुखणं दाखवणारा काटा वर चढून लाल भागात जात होता, एरवी तो असा जात नाही. पण अँटेना नवी, पाऊस असा, तिच्या अंगावरून धारा वाहतायत. ओलीमुळे होत असेल, म्हटलं. हाका मारत राहिले. रेडिओ शांत. मघाशी ज्या शांततेचं कौतुक केलं, तिचीच मला भीती वाटायला लागली. फोन लावला, तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर. त्यांच्या शेजारच्या वस्तीवरचा नंबर लावला, तोही तसाच.

बॅटरी उतरली असेल, मी मनाला सांगितलं. पण मामांकडे जीपची बॅटरी आहे. घरातला सेट बिघडला तर ते छत्री घेऊन जीपमध्ये जाऊन बसतील, पण साडेसहा चुकवणार नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं.

सासूबाईंना फोन केला. मुलांना आज परत पाठवा, मी मलकापूरला जाते.

"जा जा," त्या म्हणाल्या. "काय होत न्हाय. काल बांधलंय मी."

रंकाळ्यावरून, गंगावेशीतून पुलाकडे आले. पंचगंगेला पाणी चढलं की अर्धं कोल्हापूर ते बघायला येतं, तसं आलंच होतं. छत्र्या धरून माणसं पाणी बघत उभी होती, कणसं खात होती. मला सगळ्यांचा राग आला. एवढ्या पावसात कणसं सुचतातच कशी यांना!

रत्नागिरी रोडला लागले. मी रडत नव्हते, मामांशी भांडत होते. मोठ्यानं, गाडीत, एकटीच. सांगितलं होतं की नाही, चला म्हणून? आता कुठं पडलाय? गोठ्यात, न्हाणीत की विहिरीकडं? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, ते धडधाकट असले तरी आता त्यांना आणावंच लागेल. अट माझी, शब्द माझा. पायरीवर बसून ते मला कुलूप लावताना बघतील आणि काही बोलणार नाहीत. मामा भांडले तर मला चालतं. गप्प बसले तर सहन होत नाही. पडलेले मामा आणि कुलूप लागलेलं घर, यांतलं काहीच मला नको होतं, आणि गाडी तर तिकडेच चालली होती.

रेडिओ चालूच ठेवला होता. वाघबीळचा चढ चढून पलीकडे उतरले. समोरून टँकर, एसट्या, पाण्याचे फवारे. पुढं बरंच अंतर गेल्यावर रेडिओत काहीतरी खुट्ट झालं. मग खरखर. मग अगदी बारीक आवाजात कुणीतरी माझी कॉल साइन म्हणत होतं. एकेक अक्षर सुटं करून, सावकाश, दमानं. तसं फक्त एकच माणूस म्हणतं.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. गाडी बाजूला घेतली आणि माइक उचलला.

"मामा! मामा, मी ऐकतोय! ठीक हाय काय?"

पलीकडून उत्तर नाही. पुन्हा तीच सावकाश हाक. त्यांना माझं ऐकूच जात नव्हतं. पण आवाज हळूहळू मोठा होत होता, आणि माझी गाडी तर उभी होती. मग स्पष्ट ऐकू आलं, "ऐकतीस काय गं? मी निघालोय. बांबवडं मागं पडलं. जितं असशील तितं ऱ्हा. भिऊ नको, मी आलोच."

मी माइककडे बघत राहिले. भिऊ नको? मी कशाला भिऊ? आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मामा साडेसहाला आले होते. हाका मारत होते. त्यांची हाक मला पोचत नव्हती, माझी त्यांना पोचत नव्हती. फोन बंद. त्यांच्या लेखी हरवले होते ती मी! म्हणून हा शहात्तर वर्षांचा माणूस भर पावसात जीप काढून मला शोधायला निघाला होता.

मी गाडी पुढे काढली. दोन वळणं झाली आणि पावसातून ती जीप येताना दिसली. ताडपत्रीचं छप्पर, मागे वाऱ्यानं वाकलेली अँटेना. मी दिवे मारले, हॉर्न वाजवत सुटले. जीप शेजारून निघून गेली, मग कचकन थांबली आणि भर रस्त्यात उलटी यायला लागली. तिच्यामागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ पावणं! रस्ता काय तुमच्या घरचा हाय व्हय?"

"भाची हाय माजी!" मामा त्याच्यावर ओरडले. त्यानं डोकं आत घेतलं.

मामा उतरले. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात टॉर्च, खांद्यावर दोरखंड. मला कुठून वर काढायच्या तयारीनं आले होते, देव जाणे.

"कुठं मेलतीस?" ते ओरडले.

"मी? तुम्ही कुठं होता? हाका मारून घसा बसला माझा!"

"मी मारल्या न्हाईत व्हय हाका? दीड तास बसलतो त्या माइकपुढं!"

रत्नागिरी रोडच्या कडेला, पावसात, आम्ही दोघं एकमेकांवर यथेच्छ ओरडलो. त्या दिवसाइतकं सुखानं मी कुणाशी भांडलेली नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोन्ही दंड चाचपून पाहिले, जणू मीच पडले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. पावसाचं पाणी, असं म्हणायची सोय होती, पण खोळीमुळे त्यांचा चेहरा कोरडा होता.

"काय झालंय सेटला?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय! उलट आज शिट्टी पण गेलीय."

"शिट्टी गेलीय?" मामांच्या भुवया वर गेल्या. "समदी?"

ते तडक गाडीच्या मागे गेले. मीही गेले. अँटेनेच्या बुंध्याशी लिंबू-मिरची पावसात ठिबकत होती. मामांनी वाकून लाल दोरा उलगडायला सुरुवात केली. दोऱ्याखाली तार निघाली. चौकात मिळणारं लिंबू तारेतच ओवलेलं असतं, हे मला काय माहीत नव्हतं? तीच तार सासूबाईंनी, पडू नये म्हणून, वरच्या पितळी टोकापासून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत गच्च पिळली होती. पांढऱ्या कड्यानं जी गाठ अडवायची, तीच गाठ त्यांनी मायेनं घालून ठेवली होती. अँटेना म्हणजे नुसती शोभेची काठी झाली होती. सेट बहिरा आणि मुकाही. म्हणून काटा लाल भागात. म्हणून शिट्टी नाही.

मामांनी तारेचा पीळ सोडवला. शेवटचा वेढा सुटला मात्र, चालू ठेवलेल्या गाडीतून आवाज आला: ट्यँऽऽऽ. शिट्टी. पूर्वीइतकीच चिरकी, ठणठणीत.

मामा हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, तरी थांबेनात. मला माझ्या त्या कडीचा अभिमान आठवला आणि मीही हसत सुटले. एका हातात लिंबू-मिरची आणि दुसऱ्या हातात दोरखंड घेऊन उभे असलेले मामा मला अजून दिसतात.

"चल आता," हसू ओसरल्यावर ते म्हणाले.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? आज कोन चुकलं? मी साडेसहाला हजर हुतो. शब्द हाय तुजा. आठ दिवस."

"अहो मामा, माझ्या शिकवण्या..."

"मी घर सोडायला तयार हुतोच की न्हाय? मग तू आठ दिवस सोड."

मी गाडी जीपच्या मागे लावली. बांबवड्यात फोनला रेंज आली, तेव्हा घरी फोन केला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. तार कशी पिळली गेली, तेही समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा धड हायत न्हवं? तू धड हायस न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग? म्हटलं न्हवतं, काय होत न्हाय म्हणून? बांधलं हुतं म्हणूनच."

लिंबू मात्र आता पुढं बंपरला असतं, दोऱ्यात ओवलेलं, आणि ते मी स्वतः ओवते.

मामांचं घर होतं तसंच होतं. लाइट आली नव्हती. पिठलं-भात केला, मामीच्या जुन्या घोंगडीत झोपले. सकाळी मामांनी हलवून उठवलं.

"साडेसहा व्हायला आलं. चल गाडीत."

"मामा, मी हितंच हाय की तुमच्यासमोर!"

"म्हणून काय झालं? येळ म्हंजे येळ."

अंगणात माझी गाडी आणि त्यांची जीप, मध्ये एक नारळाचं झाड. ते जीपमध्ये जाऊन बसले, मी माझ्या गाडीत. मी मुद्दाम इंजिन चालू केलं. शिट्टी आली. म्हटलं, सेटचे कान उघडे आहेत. मग मामांची हाक आली, तशीच सावकाश, एकेक अक्षर सुटं. पाऊस उघडीप देतोय. बीपी अजून पाहिलं नाही. रात्री पिठलं खाल्लं, भाचीनं केलेलं, मीठ जरा जास्त. मग ते थांबले. काचेतून मला त्यांचा हात बटणावरच दिसत होता.

"काल मी लई भ्यालतो," ते म्हणाले. "तोंडावर सांगाया जमलं नसतं, म्हणून हितं सांगतो. तुजा आवाज येईना, तवा हातपायच गळालं. ओव्हर."

"मी पण," मी म्हटलं. "मामा, ती अट काढून टाकू या. तुमच्या घराला कुलूप लावायचं माझ्यानं होणार नाही. काल वाटेत कळलं मला. एखादा दिवस नाही आलात तरी मी नुसती बघून जाईन. ओव्हर."

बराच वेळ नुसती शिट्टी.

"अट ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "तुजी मामी गेल्यापास्नं सकाळी कुणासाठी उठायचं, ते कळंना झालतं मला. आता साडेसहाला उठाया लागतंय. कोन तरी वाट बघतंय. अट काढलीस तर मी उठू कशाला? ओव्हर."

मी बटण दाबलं आणि मला बोलता येईना. बटण दाबून ठेवलं तर पलीकडचं ऐकू येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. तरी दाबूनच बसले. समोर जीपमध्ये मामा मान खाली घालून, कान स्पीकरशी नेऊन माझी वाट बघत होते. घाई न करता.

"बरं, ऱ्हाऊ दे अट," मी शेवटी म्हटलं. "उद्या साडेसहाला. ओव्हर."

"त्र्याहत्तर!" मामा ठणकावून म्हणाले, आणि जीपचं दार उघडून चहा टाकायला घरात गेले.